बारावीचं रसायनशास्त्र: पाच जणं एकत्र बसतोय, पण कसं बसायचं?

द्राक्षवेल
९ जानेवारी, रात्री १०.१०

नमस्कार मंडळी. मी तासगाव तालुक्यातली, बारावी सायन्सला आहे. आम्ही गावातले पाच जणं, तीन मुली आणि दोन मुलं, पहिलीपासून दहावीपर्यंत एकाच वर्गात होतो, मराठी माध्यमात. आता एकाच एसटीने कॉलेजला जातो आणि संध्याकाळी सात ते साडेनऊ आमच्या सोप्यात अभ्यासाला बसतो. क्लास कुणालाच नाही.

तीन आठवडे झाले बसतोय. एक जण पुस्तक मोठ्यानं वाचतो, बाकीचे ऐकतात. त्या वेळी सगळं कळल्यासारखं वाटतं. घरी जाऊन कोरा कागद पुढे घेतला की दोन ओळींच्या पुढे हात चालत नाही. परवा सराव परीक्षेचे मार्क आले. ७० पैकी मला ३८, आमच्यात सगळ्यात जास्त ४३, सगळ्यात कमी १९. ज्याला १९ मिळाले तो काल आला नाही.

आबा म्हणतात, एकेकटे बसा, एकत्र बसून गप्पा होतात. गप्पा होतात हे खरं आहे. पण मी एकटी बसले की पहिल्या अडलेल्या ओळीलाच पुस्तक मिटतं, आणि तो १९ वाला तर एकटा बसला तर रसायनशास्त्र सोडूनच देईल. मला गट मोडायचा नाही. सोळा धडे आहेत, पेपर पाच-सहा आठवड्यांवर आहे. धडे वाटून घ्यावेत का? इंग्रजी वाक्यं पाठ होतात पण अर्थ लागत नाही, त्याचं काय करावं? ज्यांनी असा एकत्र अभ्यास केलाय किंवा करून घेतलाय त्यांनी सांगा.

फळाखडू
९ जानेवारी, रात्री ११.३५

बाळा, मी २९ वर्षं ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवलं. तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे: कोरा कागद. तुमच्या बैठकीत तो कागद कुठेच नाही. एकानं वाचायचं आणि चौघांनी माना डोलवायच्या, याला पारायण म्हणतात.

असं करून बघा. आदल्या दिवशी धड्यातला एक तुकडा ठरवायचा, सगळ्यांनी घरून वाचून यायचं. बैठकीत पुस्तकं मिटलेली. एकानं उभं राहून तो तुकडा मराठीत सांगायचा, अगदी घरच्या मराठीत. बाकीच्यांनी मधेमधे एकच शब्द विचारायचा: का? सांगून झालं की पाचांनी वीस मिनिटं गप्प बसून तेच इंग्रजीत लिहायचं, आकृती आणि समीकरणासकट. मग वह्या एकमेकांत फिरवायच्या आणि दुसऱ्याच्या वहीत लाल पेन घ्यायचं. स्वतःची चूक डोळ्याला दिसत नाही, शेजाऱ्याची लगेच दिसते. आठ दिवसांनी स्वतःचीही दिसायला लागते.

धडे वाटण्याबद्दल. पाच जणांनी तीन-तीन धडे वाटून घेतले तर प्रत्येकाला तीनच धडे येतील आणि तेरा ऐकीव राहतील. वाटायचेच असतील तर उलटे वाटा. ज्याला जो धडा जमत नाही तोच त्यानं शिकवायचा. ज्याचं गणित पक्कं त्याला ऑरगॅनिक द्या. १९ मार्कवाल्याला पहिला तुकडा द्या, त्याच्या घरी जाऊन सांगा, आणि सोपा नको, मधला द्या.

पेपरची रचना पाचांनाही तोंडपाठ हवी. १० मार्कांचे बहुपर्यायी आणि ८ मार्कांचे एका वाक्याचे, हे सगळे सक्तीचे. मग दोन मार्कांचे बारांतले आठ, तीन मार्कांचे बारांतले आठ, चार मार्कांचे पाचांतले तीन. पर्याय आहेत म्हणून धडा सोडायचा मोह होतो. सोडू नका. पहिले अठरा मार्क कुठूनही येतात.

पाऊलवाट
१० जानेवारी, सकाळी ७.०५

सरांशी थोडा मतभेद नोंदवतो. मी बारावीला गटात होतो, आणि माझं नुकसान झालं. गणितं कायम एकच मुलगा सोडवायचा, आम्ही उतरवून घ्यायचो. थिअरी एकत्र बसून होते, पण गणितं एकट्यानं, घड्याळ लावून करावी लागतात. गट ठेव, पण रविवारची सकाळ स्वतःसाठी राख. तीन तास, ७० मार्क, कुणाशी बोलणं नाही. हे केलं नाही तर गटाची सवय लागते आणि परीक्षेच्या हॉलमध्ये शेजारी विचारायला कुणी नसतं.

सामूसात
१० जानेवारी, रात्री ९.२०

मीही मराठी माध्यमाचा, आज कोकणात एका रसायन कारखान्यात उत्पादन विभागात आहे. दोन्ही मतं मला पटतात. एक गोष्ट मात्र आजच तपासून घे. पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, आणि मराठी माध्यमाचं असो की इंग्रजी, निम्म्या मुलांचे मार्क रसायनशास्त्रात जात नाहीत, लॉगमध्ये जातात.

पाचांना एकमेकांकडे न बघता हे करायला सांग: ०.००२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू (pH) किती? उत्तरं इथे टाक.

द्राक्षवेल
११ जानेवारी, रात्री ९.५०

सामूसात दादा, केलं. चौघांचं उत्तर ३.३० आलं, एकाचं २.७०. आम्ही चौघांनी मिळून त्याला पटवलं की तुझं चुकलंय, आणि त्यानं खोडलं. तो एक म्हणजे १९ मार्कवाला. (सर, त्याच्या घरी गेले होते. तुम्ही दिलेलं काम सांगितलं तर दहा मिनिटं काही बोलला नाही, मग वही घेऊन आला.)

सामूसात
११ जानेवारी, रात्री १०.१५

त्याला सांग, खोडलेलं परत लिही. बरोबर तोच आहे.

आता नीट बघा. टेबलात २ चा लॉग ०.३०१० मिळतो. दशांशचिन्हानंतर दोन शून्यं आहेत म्हणून आपण आधी बार ३ लिहितो. बार ३.३०१० हे उणे ३.३०१० नाही. बार फक्त त्या ३ च्या डोक्यावर आहे, म्हणजे फक्त ३ उणे आहेत. पुढचे ०.३०१० अधिकच आहेत. उणे ३ अधिक ०.३०१० म्हणजे उणे २.६९९०. सामू काढताना चिन्ह उलटतं, म्हणून २.७०.

आणि टेबल न उघडताही चूक पकडता येते. ०.०१ मोलरचा सामू २, ०.००१ मोलरचा ३. आपलं ०.००२ या दोघांच्या मधलं, म्हणजे उत्तर २ आणि ३ च्या मधेच हवं. ३.३० कसं येईल? आम्ल ०.००१ पेक्षा जास्त संहत (दाट) आहे, सामू ३ च्या खालीच राहणार. हा अंदाज आधी मांडायचा आणि मग टेबलाला हात लावायचा.

उलट येतानाही हाच खड्डा आहे. अँटिलॉग काढायचा आकडा उणे २.६९९० असेल तर तो आधी बार ३.३०१० असा करून घ्यायचा. टेबलात उणे अपूर्णांक नसतात.

पाऊलवाट
११ जानेवारी, रात्री १०.४०

याला जोडून एक. केमिकल कायनेटिक्समध्ये पहिल्या कोटीच्या अभिक्रियेची गणितं आली की आधी अर्धायुष्यं (निम्मा पदार्थ संपायला लागणारा वेळ) मोजायची. अर्धायुष्य १० मिनिटं आणि विचारलंय ३० मिनिटांनी किती उरेल, तर अर्धं, पाव, एक अष्टमांश: १२.५ टक्के. लॉग लागतच नाही. ९९.९ टक्के संपायला किती वेळ? हजारातला एक भाग उरायचा, म्हणजे सुमारे दहा अर्धायुष्यं, कारण २ चा दहावा घात १०२४. कागदावर सूत्रानंच सोडवायचं, पण उत्तर या अंदाजाच्या जवळ आलं नाही तर परत बघायचं.

आणि त्या मुलाचं मनापासून अभिनंदन. चौघांसमोर एकटं बरोबर असणं अवघड असतं.

सोनकी
१४ जानेवारी, दुपारी ३.३०

तिळगूळ घ्या सगळे. माझा मुलगा पुण्यात बारावीला आहे, त्याच्यामुळे हा धागा रोज वाचते. मी स्वतः रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं, त्याला पंचवीस वर्षं झाली. आज लाडू वळताना मुलानं विचारलं, सॉलिड स्टेटमधला समन्वय अंक, म्हणजे एका गोळ्याला टेकलेल्या गोळ्यांची संख्या, १२ कसा? पुस्तकातली आकृती त्याला दिसतच नव्हती.

ताटात एक लाडू ठेवला. त्याला चिकटून भोवती किती बसतात? बरोबर सहा, सातवा शिरत नाही. मग या सातांच्या वर, मधल्या लाडवाला टेकून, खोबणीत किती बसतात? खोबणी सहा आहेत, पण तीनच लाडू बसतात, एक सोडून एक. तितकेच तीन खालून. सहा, तीन आणि तीन: बारा. तिसरा थर पहिल्याच्या अगदी डोक्यावर आला तर षट्कोनी रचना, न भरलेल्या खोबणींवर आला तर घनाकृती. दोन्हीत ७४ टक्के जागा भरते. तेच लाडू एकावर एक सरळ रचले, साध्या घनासारखे, तर ५२.४ टक्के, आणि रचना हात लावताच घसरते. हे त्यानं स्वतःच्या हातानं करून पाहिलं, मग म्हणाला की आता आकृती काढतो. लाडू घट्ट वळलेले हवेत, तूप जास्त झालं तर दबतात.

द्राक्षवेल
१४ जानेवारी, रात्री ९.१५

सोनकी काकू, आम्ही आजच करून पाहिलं! आईनं डबा पुढे केला आणि पाचही जणं ताटाभोवती. ‘तीनच का बसतात, सहा का नाही’ यावर पाऊण तास वाद झाला आणि कंटाळा आला नाही.

एक मनातलं लिहिते. अकरावीला पहिल्याच महिन्यात कॉलेजमध्ये प्रश्न आला होता, चांदीच्या नायट्रेटमध्ये मिठाचं पाणी घातलं की काय होतं. मला येत होतं. मी उठून म्हटलं, ‘पांढरा अवक्षेप येतो.’ इंग्रजी ‘प्रेसिपिटेट’ऐवजी मराठी शब्द वापरला म्हणून वर्ग हसला, आणि शिकवणारेही हसले. त्यानंतर दीड वर्षं मी वर्गात हात वर केलेला नाही. इथे सर म्हणाले की आधी मराठीत सांगा, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की जे मला येतं ते खरंच येतं.

फळाखडू
१४ जानेवारी, रात्री १०.३०

अवक्षेप हा उत्तम शब्द आहे. तुझं उत्तर बरोबर होतं, आणि हसणाऱ्यांनी तुझं दीड वर्ष घेतलं. शिक्षक म्हणून मला हे वाचून फार वाईट वाटलं.

प्रॅक्टिकलची ३० मार्कांची परीक्षा जवळ आली आहे. क्षारांच्या चाचण्यांना बसताना तुमच्या घरातले शब्द घेऊन बसा. अमोनियम क्लोराईड म्हणजे नवसागर. फेरस सल्फेट म्हणजे हिराकस, नायट्रेटच्या तपकिरी कड्यासाठी त्याचं ताजं द्रावण लागतं. तुरटी आणि धुण्याचा सोडा घरात आहेच. कॉपर सल्फेट म्हणजे मोरचूद, आणि तासगावच्या पोरांना मोरचूद मी काय सांगावं!

परमँगनेटच्या अनुमापनात (टायट्रेशनमध्ये) दरवर्षी तीच चूक होते म्हणून लिहितो. ऑक्झॅलिक आम्ल असेल तर शंकुपात्र ६० ते ७० अंशांपर्यंत तापवायचं, मोहरचा क्षार (फेरस अमोनियम सल्फेट) असेल तर तापवायचं नाही, कारण त्यातलं लोह हवेनंच ऑक्सिडीकृत होतं. आम्ल विरल सल्फ्युरिकच. हायड्रोक्लोरिक घातलं तर परमँगनेट त्याचा क्लोरीन करण्यात खर्ची पडतं. पहिले थेंब रंग सोडायला वेळ लावतात, घाबरू नका, थांबा. मँगनीजचे आयन तयार झाले की तेच उत्प्रेरकाचं काम करतात आणि पुढचे थेंब झटक्यात विरतात. फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. ब्युरेटमधलं द्रावण गडद असतं, खालची कड दिसत नाही, म्हणून वाचन वरच्या कडेचं. इथेही दोघादोघांनी करा: एकानं वाचायचं, दुसऱ्यानं न ऐकता परत वाचायचं.

तिफण
१७ जानेवारी, रात्री ८.४५

मी एम.एस्सी. ऑरगॅनिकला आहे. गटानं सगळ्यात जास्त फायदा कशात होत असेल तर ऑरगॅनिकमध्ये, कारण त्यात चटकन आठवावं लागतं. जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते करा. एका बाजूला अभिक्रियेचं नाव, दुसऱ्या बाजूला काय घ्यायचं, कशात घालायचं, काय मिळतं. एकानं पत्ता दाखवायचा, दुसऱ्यानं फळ्यावर लिहायचं, आणि तिसऱ्यानं ‘हेच का, ते का नाही’ विचारायचं.

हा तिसरा महत्त्वाचा. नुसती नावं पाठ करून आल्डॉल आणि कॅनिझारो यांची कायम गल्लत होते. दोन्हीत अल्डिहाइड, दोन्हीत अल्कली. फरक अल्फा हायड्रोजनचा. कार्बोनिल गटाच्या शेजारच्या कार्बनवर एक जरी हायड्रोजन असला तर विरल अल्कलीत आल्डॉल. फॉर्माल्डिहाइड आणि बेंझाल्डिहाइडला तो नाहीच, म्हणून संहत अल्कलीत कॅनिझारो: दोन रेणूंपैकी एक दुसऱ्याला हायड्रोजन देतो, देणाऱ्याचा आम्लाचा क्षार होतो, घेणाऱ्याचा अल्कोहोल. असंच रोझेनमुंडचं. त्यात पॅलॅडियम मुद्दाम बेरियम सल्फेटवर बसवतात, उत्प्रेरकाचा जोर कमी करायला. नाहीतर आम्ल क्लोराईडचं अल्डिहाइड होऊन थांबत नाही, अल्कोहोलपर्यंत जातं. ‘का’ कळलं की नाव आपोआप चिकटतं.

द्राक्षवेल
२६ जानेवारी, रात्री १०.२५

दहा-बारा दिवस लिहायला जमलं नाही. आज सविस्तर लिहिते, कारण परवा जे झालं ते इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

इलेक्ट्रोकेमिस्ट्री हा धडा १९ मार्कवाल्याकडे होता. त्याला ऑक्सिडेशन कुठे आणि रिडक्शन कुठे, अ‍ॅनोड कोणता, हे सारखं उलटसुलट होत होतं. तो सांगत होता, आम्ही ‘का’ विचारत होतो, आणि तो अडला. तेवढ्यात आबा आतून आले. त्यांनी विचारलं, ‘काय चाललंय?’ मी म्हटलं, एक धातू दुसऱ्याला द्रावणातून बाहेर काढतो ते. आबा म्हणाले, ‘मग मला सांगा. बोर्डो करताना चुना कमी पडला की विळा तांबडा होतो. तो का होतो?’

ज्यांच्या बागा नाहीत त्यांच्यासाठी सांगते. छाटणीनंतर द्राक्षावर बोर्डो मिश्रण मारतात. एक टक्क्याचं करायचं तर एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. मोरचूद लोखंडी भांड्यात कधीच भिजवत नाहीत, प्लॅस्टिकच्या पिंपात भिजवतात. मिश्रण झालं की त्यात विळा नाहीतर खिळा बुडवून बघायचा. त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळा राहिलाय, पाला जळेल, अजून चुना घाला. माझ्या आजोबांपासून आमच्याकडे असंच बघतात. मी लहानपणापासून हे शंभरदा पाहिलंय आणि पुस्तकातला धडा हाच आहे हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

आबांनी शेडमधून मूठभर मोरचूद आणला. प्लॅस्टिकच्या मगात विरघळवला. विळा विटेच्या चुऱ्यानं घासून चकचकीत केला आणि टोक बुडवलं. आम्ही सहाही जणं बॅटरी धरून बघत होतो. मिनिटभरात टोक गुलाबीसर झालं, मग नव्या पैशासारखं तांबडं. तो १९ वाला एकदम म्हणाला, ‘तांबं वरून आलं नाही. पाण्यातून आलं. आणि लोखंड पाण्यात गेलं.’ मग थांबलाच नाही. लोखंडाच्या अणूनं दोन इलेक्ट्रॉन सोडले, तो आयन होऊन पाण्यात उतरला: हे ऑक्सिडेशन. तांब्याच्या आयनानं तेच दोन घेतले आणि विळ्यावर बसला: हे रिडक्शन. टेबलात लोखंडाचं प्रमाण विभव (इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ, व्होल्टमध्ये) उणे ०.४४, तांब्याचं अधिक ०.३४. फरक ०.७८ व्होल्ट, अधिक आहे, म्हणून हे आपोआप होतं. उलटं, तांब्याची तार हिराकसच्या पाण्यात बुडवली तर काही होणार नाही.

मग माझ्याकडून ‘का’ आला: तर मग डॅनियल सेलमध्ये दोन भांडी कशाला? त्यानं दोन मिनिटं विचार केला. म्हणाला, विळ्यात देणारा आणि घेणारा एकाच जागी चिकटलेले आहेत, इलेक्ट्रॉन हातातल्या हातात जातात, आपल्याला काही मिळत नाही. जस्त एका भांड्यात आणि तांबं दुसऱ्यात ठेवलं की इलेक्ट्रॉनना तारेतूनच जावं लागतं, आणि तारेत आपण दिवा लावू शकतो. जस्त उणे ०.७६, तांबं अधिक ०.३४, म्हणून १.१० व्होल्ट. सॉल्ट ब्रिज (दोन भांडी जोडणारी क्षाराची नळी) नसेल तर एका भांड्यात धनभार साठेल, दुसऱ्यात ऋणभार, आणि सगळं क्षणात थांबेल.

आबा खांबाला टेकून ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘म्हणजे चुना मोरचुदाला धरून ठेवतो, म्हणून विळ्याला तांबं मिळत नाही.’ आम्ही हो म्हटलं. जाताना म्हणाले, उद्यापासून दिवा बाहेरचा लावा, आतला पिवळा आहे.

एकत्र बसा की एकेकटे, हा प्रश्न आमच्या घरात आता कुणी काढत नाही.

सोनकी
२६ जानेवारी, रात्री १०.५०

डोळ्यांत पाणी आलं ग वाचताना. तुझ्या आबांना माझा नमस्कार सांग.

फळाखडू
२७ जानेवारी, सकाळी ६.४०

मी हा धडा आयुष्यभर खिळा आणि परीक्षानळी घेऊन शिकवला. विळा घेऊन शिकवायला हवा होता.

पुढचा प्रश्न त्याच मुलासाठी. त्या विळ्यावरचा तांब्याचा थर घासून काढलात का? तो तसाच राहिला आणि मधे कुठे ओरखडा पडला तर लोखंड एरवीपेक्षा लवकर गंजेल. पण पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो, तिथे ओरखडा पडला तरी पत्रा लगेच गंजत नाही. असा फरक का? उत्तराची घाई नाही.

पाऊलवाट
१ फेब्रुवारी, दुपारी १२.१०

रविवारचा एकट्याचा पेपर चालू आहे ना? मार्क विचारत नाही, वेळ विचारतो. तीन तासांत शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचता का?

द्राक्षवेल
१ फेब्रुवारी, रात्री ९.३०

दादा, चालू आहे. पाच जणं पाच घरांत, नऊ ते बारा, फोन आईकडे. पहिल्या रविवारी माझे दोन प्रश्न राहिले, आज एक. बहुपर्यायीत मी फार रेंगाळते असं कळलं. थर्मोडायनामिक्समधली कामाची (वर्कची) गणितं आता चिन्हासकट बरोबर येतात: वायू २ बारच्या दाबाविरुद्ध १० वरून २० घन डेसिमीटर झाला तर काम उणे २० घन डेसिमीटर बार, आणि एकाचे १०० ज्यूल, म्हणून उणे २००० ज्यूल. उणे लिहायला आधी पाचही जणं विसरत होतो. आता वही तपासणारा पहिलं तेच बघतो.

अडतंय ते कोऑर्डिनेशन कंपाउंड्समध्ये. कोबाल्ट आणि अमोनियाच्या संयुगांत तीनही क्लोरीन रेणूत आहेत, मग सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर कधी तीन अवक्षेपतात, कधी दोन, कधी एकच, असं का?

तिफण
१ फेब्रुवारी, रात्री १०.०५

चौकटी कंसाला वाड्याची भिंत समजा. कोबाल्टला आत सहाच जागा. सहाही जागी अमोनिया बसला तर तीनही क्लोराईड बाहेर ओसरीवर, आणि सिल्व्हर नायट्रेट ओसरीवरच्यांनाच भेटतो: तीन. अमोनिया पाच असतील तर एक क्लोराईड आत जागा घेतो, बाहेर दोन. चार असतील तर दोन आत, बाहेर एक. व्हर्नरनं १८९३ साली सिद्धान्त मांडला तेव्हा त्याच्या हाताशी अशाच मोजण्या होत्या, क्ष-किरणांनी रचना बघायची सोय नव्हती. १९१३ चं नोबेल त्याला यासाठी मिळालं. या धड्यावरचा प्रश्न आला की आधी कंस काढा, मग सहा मोजा.

सामूसात
आदल्या रात्री, ८.००

उद्या पेपर ना? आज नवीन काही उघडू नका. लॉग टेबल पिशवीत ठेवा आणि पाचही जणं लवकर झोपा.

द्राक्षवेल
पेपरच्या दिवशी, संध्याकाळी ७.४०

झाला पेपर. पाचांचाही शेवटचा प्रश्न लिहून झाला. परतीच्या एसटीत एका गणिताच्या उत्तरावरून एवढा वाद झाला की कंडक्टर काकांनी मागे येऊन विचारलं काय भांडण आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल.

फळाखडू सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. ज्याला विचारलं होतं त्याच्या हातात फोन देते.

सर नमस्कार. विळा दुसऱ्याच दिवशी घासून काढला. गंजायला ओल आणि हवा लागते. तांब्याच्या थराला ओरखडा पडला की तिथे लोखंड उघडं पडतं आणि दोन धातूंचा छोटा सेल तयार होतो. लोखंड उणे ०.४४ म्हणून ते अ‍ॅनोड, इलेक्ट्रॉन तेच सोडणार. तांबं कॅथोड, हवेतला ऑक्सिजन त्याच्यावर इलेक्ट्रॉन घेतो. सगळा थर कॅथोड आणि ओरखड्याएवढंच लोखंड अ‍ॅनोड, म्हणून तिथे खोल खातं. पत्र्यावर जस्त आहे, ते उणे ०.७६, लोखंडापेक्षाही आधी सोडणारं. म्हणून ओरखडा पडला तरी जस्त झिजतं आणि लोखंड राहतं. आमच्या गोठ्यावरचा पत्रा मी वर चढून पाहिला. जिथे खरचटलंय तिथे पांढरट पावडर आहे, तांबडा गंज फक्त कापलेल्या कडेला, जिथलं जस्त संपलंय.

शनिवारी गणिताचा पेपर आहे. आत्ता तेच घेऊन बसलोय.